दाजी, तुम्ही नुसते उभे का होतात?

परवा मेव्हण्याने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, असेल ४० सेकंदांचा. घाटात गॅसचा टँकर आडवा पडलाय, पांढरट धुकं जमिनीला चिकटून सरपटतंय, आणि लांब वरच्या वळणावर आमची लाल गाडी उभी, गाडीच्या आडोशाला चार-पाच जण, त्यातल्या एकाच्या डोळ्याला दुर्बीण. शूट करणारा मागून बोलतोय, "बघा मित्रांनो, बंब आलाय पण नुसते बघत उभे आहेत, गाडीचं तोंड पण उलटं करून ठेवलंय, पळायच्या तयारीत." खाली मेव्हण्याचा मेसेज, "दाजी, दुर्बीणवाले तुम्हीच ना?" आणि पुढे तीन हसणारे इमोजी.

हो बाबा, मीच. गाडीचं तोंडही मुद्दामच उलटं केलेलं, पळायच्याच तयारीत.

ग्रुपवर काय उत्तर देणार, सासूबाई पण आहेत तिथे. बायकोने आत्याच्या वाढदिवसाचे फोटो टाकून विषय बदलला. पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितोय. सुट्टीचा दिवस आहे, चहा झालाय, वेळ आहे.

तर त्या दिवशी वर्दी आली पहाटे ५:५० ला. (आमच्याकडे कॉलला वर्दीच म्हणतात, अजूनही.) कंट्रोलवरचा पोरगा एवढंच म्हणाला की घाटात टँकर पलटी झालाय आणि गॅसचा वास येतोय. आमच्या साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती जखमी वगैरे नंतर, आधी वारा कुठनं कुठं आहे ते विचार. खालच्या अंगाने गेलो असतो तर ७ किलोमीटर, साहेबांनी गाडी वरच्या अंगाने घ्यायला लावली, गावातून वळसा घालून १५ किलोमीटर. नवीन पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पण एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड असतो, तो वर जात नाही, पाण्यासारखा उताराने खाली वाहतो, गटारात शिरतो, मोरीत साठतो, खड्ड्यात बसून राहतो. म्हणजे खालून चढत गेलो तर गॅस स्वतः आपल्याला भेटायला येणार, आणि आपण येतोय डिझेलचं गरम इंजिन घेऊन. आठ किलोमीटर जास्त गेलेले परवडले.

वळणावर पोचल्यावर ड्रायव्हरने गाडी फिरवून तोंड परतीच्या बाजूला केलं. हे आम्ही दरवेळी करतो. पळायची वेळ आली तर घाटात रिव्हर्स घेत बसायचं का? मग साहेब खाली उतरले, रस्त्याकडेची चिमूटभर माती उचलून हवेत सोडली, कुठे जाते बघितलं. एवढ्या लाखांची गाडी आणि वारा बघायला चिमूटभर माती. नंतर एक लाल फडक्याची पट्टी शिडीला बांधली कारण घाटात वारा दर अर्ध्या तासाला फिरतो, ऊन चढलं की तर फिरतोच.

आणि मग दुर्बीण. टँकरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना एक पाटी असते, ती तुम्ही हायवेवर हजारदा बघितली असेल आणि कधीच वाचली नसेल. मोटार वाहन नियमांप्रमाणे ती लावावीच लागते. त्यावर मालाचं नाव, चार आकडी यूएन नंबर (मालाचा जगभर ठरलेला नंबर), चौकोनी डायमंड, इमर्जन्सीचा फोन नंबर आणि एका कोपऱ्यात एक आकडा आणि एक-दोन अक्षरं. ते कोपऱ्यातलं जे आहे त्याला हॅझकेम कोड म्हणतात आणि मला वाचायचा असतो तो. टँकर आडवा पडल्याने एक पाटी खाली दबलेली, मागची चिखलाने भरलेली, दुर्बिणीतून अर्धा नंबर दिसतोय, १०७ पर्यंत दिसला आणि पुढचा आकडा चिखलात. तरी कोड दिसला, २ वाय ई. गॅसचा वास तर येतच होता, म्हणजे १०७५, एलपीजी.

आता हे २ वाय ई म्हणजे काय ते सांगतो, एकदा कळलं की हायवेवर टाइमपास होतो. पहिला आकडा सांगतो की विझवायला काय वापरायचं. १ म्हणजे जाड फवारा, २ म्हणजे बारीक धुक्यासारखा फॉग, ३ म्हणजे फोम, आणि ४ म्हणजे कोरडी पावडर, पाणी अजिबात नाही. ४ दिसला की होजला हात पण लावायचा नाही. मग अक्षर. पी, आर, एस, टी यातलं असेल तर सांडलेला माल पाणी मारून पातळ करून वाहू दिला तरी चालतं. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर ते गटारात, ओढ्यात जाऊच द्यायचं नाही, अडवायचं. त्याच अक्षरावरून हेही कळतं की नुसता श्वासाचा सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क) आणि फायरचा ड्रेस पुरेल की अंगभर केमिकल सूट घालायला लागेल, आणि माल अचानक भडकण्यातला, फुटण्यातला आहे का. आणि शेवटी ई आला तर पब्लिक हलवायचा विचार करा. क्लोरिनला २ एक्स ई असतं, पेट्रोलला ३ वाय ई. एवढीशी पाटी, पण ती वाचली की पहिल्या १० मिनिटांत काय करायचं आणि त्याहून जास्त म्हणजे काय नाही करायचं ते कळतं. वाचायला मात्र जवळ जावं लागतं आणि जवळ जायचं की नाही ते पाटी वाचल्याशिवाय ठरत नाही, म्हणून दुर्बीण. स्टेशनला एक आहे, तिच्या एका डोळ्यात बुरशी. पक्षी बघणाऱ्या एका मित्राने सांगितलं तशी मी स्वतःच्या पैशाने घेतली. बायकोला अजून वाटतं पक्ष्यांसाठीच घेतलीय.

व्हिडिओतला तो ४० सेकंदांचा तुकडा आहे ना, तेव्हा आम्ही उभे होतो हे खरं. पण तेवढ्या वेळात काय काय चाललं होतं ते कॅमेऱ्यात येण्यासारखं नव्हतं. पोलिसांना सांगून दोन्ही बाजूंची वाहतूक अडवलेली, आणि नुसती अडवलेली नाही तर मागे ढकललेली, इंजिनं बंद करायला लावलेली. हे लोकांना सगळ्यात जास्त झोंबतं. एक जण फॉर्च्युनरची काच खाली करून म्हणाला माझी फ्लाइट आहे. साहेब, तुमच्या गाडीचा स्टार्टर मारला की जी ठिणगी पडते ना, तेवढी पुरते. हवेत २ टक्के गॅस झाला की पेट घेतो. २०२४ च्या डिसेंबरात जयपूरजवळ भांक्रोट्याला काय झालं ते आठवा, पहाटे टँकर यू टर्न घेत होता, ट्रक आदळला, नॉझल तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि मग एकदम पेटला, मागे-पुढे उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या माणसांसकट जळाल्या. त्या लोकांना गॅस दिसलाही नसेल. जे पांढरं धुकं दिसतं तो खरं तर गॅस नसतोच, गार पडलेल्या हवेतली वाफ असते ती. खरा गॅस त्या पांढऱ्याच्या बराच पुढे गेलेला असतो, न दिसता.

खाली घाटाच्या पायथ्याला एक वाडी आहे, १५-२० घरं. सकाळची वेळ, चुली पेटलेल्या, पाणी तापत ठेवलेलं. आमचे दोन जण आणि पोलीस पाटील घरोघर चुली विझवत फिरत होते आणि माणसं वरच्या शाळेत पाठवत होते. महावितरणला फोन केला वाडीची लाइट सबस्टेशनमधूनच पाडा म्हणून. लोक म्हणतात घरातला मेन स्विच बंद करतो, तर तसं नाही करायचं, स्विच बंद करताना पण ठिणगी पडते. चालू ते चालू, बंद ते बंद, हात नाही लावायचा. एक आजी काही केल्या म्हशी सोडून यायला तयार नाही. शेवटी आमच्यातल्या एकाने म्हशी हाकत नेल्या, पुढे म्हशी, मागे हेल्मेटवाला आणि त्याच्या मागे आजी त्याला कसं हाकायचं ते शिकवतेय. याचा व्हिडिओ कोणी काढला नाही बघा, हा खरा व्हायरल झाला असता.

मग लोकांचा ठरलेला प्रश्न, पाणी का नाही मारलं. मारलं, नंतर मारलं, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. गॅसच्या ढगावर लांबून फॉग मारायचा, म्हणजे तो हवेत मिसळून पातळ होतो, आणि ढगाला वाडीच्या बाजूला जाऊ द्यायचं नाही, पाण्याचा पडदा धरायचा. आणि समजा गळतीच्या तोंडाशी आग लागलीच असती तर ती आम्ही विझवली पण नसती. हो, फायर ब्रिगेड आणि आग विझवायची नाही. व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर जळणारा गॅस बरा, तो कुठे जातोय ते दिसतं तरी. विझवला की तोच गॅस न जळता पसरणार आणि दुसरीकडे कुठेतरी जाऊन एकदम पेटणार. अशा वेळी टाकीवर लांबून सतत पाणी ठेवायचं, टाकी गार राहिली पाहिजे, बस.

टाकी गार का, तर ब्लेव्ही. या शब्दाला आम्ही सगळेच टरकून असतो. टाकीत खाली द्रव असतो आणि वर मोकळ्या जागेत वाफ. ज्वाला खालच्या भागाला लागली तर आतला द्रव उष्णता ओढून घेतो, पत्रा टिकतो. पण ज्वाला वरच्या कोरड्या भागाला लागली तर पत्रा तापून मऊ होतो, आत प्रेशर वाढत असतंच, आणि मग टाकी उभी फाटते, आतला सगळा द्रव एका क्षणात उकळून वाफ होतो, १ लिटरचे अडीचशे लिटर, आणि पेटतो. १९७३ च्या ५ जुलैला अमेरिकेत ॲरिझोनातल्या किंगमन गावात रेल्वेचा प्रोपेनचा डबा रिकामा करताना गळती झाली आणि पेट घेतला. गावातले फायरमन, बहुतेक आपापले धंदे सांभाळून हे काम करणारे, धावत आले, डबा गार करायला पाण्याची जोडणी करत होते. जेमतेम वीसेक मिनिटांत डबा फाटला. ११ फायरमन गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ते तेच करत होते जे तेव्हा जगभर सगळे करायचे. आज ट्रेनिंगमध्ये ते फोटो दाखवतात आणि वर्गात कोणी हलत नाही.

आमच्याकडे जे गाइडबुक वापरतात, दर चार वर्षांनी नवीन येतं ते, त्यात लिहिलंय की गॅसचा टँकर आगीत सापडला असेल तर चारी बाजूंना १६०० मीटर मोकळं करा. सोळाशे! घाटात कुठून आणायचे सोळाशे मीटर. मग जमेल तेवढं लांब, डोंगराच्या वळणाआड, आणि पाण्याची तोफ जागेवर बांधून ठेवून माणसं मागे. सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी बारीक आणि मोठी व्हायला लागली किंवा टाकीचा रंग बदलायला लागला की सगळं तिथेच टाकून मागे यायचं, होज गुंडाळत बसायचं नाही. तुम्हा लोकांसाठी सोपी युक्ती सांगतो, हात पुढे ताठ करा, अंगठा वर, एक डोळा बंद. अख्खा अपघात अंगठ्यामागे झाकला गेला तर बरं आहे, नाही गेला तर तुम्ही जवळ आहात. तो व्हिडिओ काढणारा इतका जवळ होता की त्याच्या अंगठ्यामागे टँकरचं एक चाक पण झाकलं नसतं. त्याला मागे न्यायला आमचा एक माणूस गेला होता, तोच व्हिडिओच्या शेवटी "ओ दादा, मागे व्हा" म्हणताना ऐकू येतो, आणि खाली कमेंट काय तर बघा दादागिरी.

हे सगळं शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. एका गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात क्लोरिनचा टनर गळत होता. टनर म्हणजे ९०० किलोचं आडवं पिंप. वरिष्ठ दुसऱ्या वर्दीवर, गाडीत सगळ्यात उत्साही मी. हिरवट पिवळा धूर दाराखालून येताना दिसतोय, आणि मी काय करावं, रुमाल ओला करून तोंडाला बांधला आणि होज घेऊन सरळ गळतीवर पाणी सोडलं. तिथला एक जुना फिटर लांबून बोंबलत होता, "अरे पाणी नको, पाणी नको, भोक वाढंल!" मला वाटलं हा घाबरलाय. तो घाबरला नव्हता, त्याला माहीत होतं. क्लोरिन आणि पाणी मिळून ॲसिड होतं, ते गळतीच्या तोंडाशी लोखंड खातं, आणि पाण्याच्या उष्णतेने आतला द्रव जास्त जोरात उकळतो. दोन मिनिटांत आवाज बदलला, आधी सुईसारखा सूं यायचा तो फर्रर झाला.

मला ओढून बाहेर काढलं तेव्हा डोळे उघडत नव्हते आणि छातीवर कोणी बसलंय असं वाटत होतं. तासाभराने बरं वाटलं, मी म्हटलं घरी जातो. डॉक्टर म्हणाले गप पडून राहा, क्लोरिनमध्ये फुप्फुसात पाणी होणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं. रात्रभर ऑक्सिजन लावून पडलो होतो आणि आईला फोनवर सांगितलं नाइट ड्युटी आहे.

गळती त्या फिटरने आणि दुसऱ्या गाडीवरून आलेल्या आमच्या लोकांनी थांबवली, ते मी नंतर ऐकलं आणि पुढे शिकलो. नीट श्वासाचे सेट लावून गेले. काठीला कापसाचा बोळा, तो अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला, टनरवरून फिरवत गेले. जिथे गळती तिथे पांढरा धूर होतो, बरोबर बोट ठेवल्यासारखी जागा कळते. भोक खालच्या बाजूला होतं म्हणजे द्रव बाहेर येत होता. टनर अर्धा गोल फिरवून भोक वरच्या बाजूला आणलं. आता द्रवाऐवजी नुसता वायू येणार, म्हणजे बाहेर पडणारा क्लोरिन कितीतरी कमी, कारण एक लिटर द्रवाचे साडेचारशे लिटर वायू होतात. मग गळती बंद करायच्या किटमधली टोपी आणि साखळी आवळून बसवली. संपलं. फिरवायचं! एवढं सोपं, आणि मी पाणी मारत होतो. त्या फिटरकाकांना नंतर भेटायला गेलो पेढे घेऊन. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "भाऊ, ओरडणाऱ्या माणसाचं आधी ऐकायचं."

तेव्हापासून कुठल्याही कंपनीत गेलो की मी पहिल्यांदा ओरडणारा माणूस शोधतो. प्लांट ऑपरेटर, स्टोअरचा माणूस, हमाल, कोणीही. कुठल्या शेडमध्ये कसले ड्रम आहेत हे फायलीत असतं त्याहून जास्त त्यांना माहीत असतं.

आता सूटबद्दल. फोटोत तो अंतराळवीरासारखा दिसतो, माझा मुलगा शाळेत सांगतो बाबा चंद्रावर जातो. गॅस आत येऊ नये म्हणून सगळीकडून बंद, श्वासाचा सेट आत पाठीवर, हातमोजे जोडलेले, वरून बूट. म्हणजे आतला घाम बाहेर जात नाही आणि बाहेरची हवा आत येत नाही. मे महिन्यात कोकणात तो घालून बघा. १० मिनिटांत बुटात पाणी साठतं, स्वतःचंच. काचेवर वाफ धरते, आम्ही आतून हात मोज्यातून काढून काच पुसतो, मग हात परत मोज्यात घालताना मोजा आतून ओला, बोटं जात नाहीत. बोलणं ऐकू येत नाही म्हणून खुणा. डोक्यावर हात थापटला म्हणजे ठीक आहे, गळ्याशी हात म्हणजे हवा संपली.

हवेचं गणित असं. सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बार दाबाला भरलेला, म्हणजे साधारण २००० लिटर हवा. कागदावर ४५ मिनिटं. पण माणूस चालतो, वाकतो, पाना लावून जोर करतो, घाबरतो, तेव्हा मिनिटाला ५० लिटरपण ओढतो. त्यात जायला ५ मिनिटं, यायला ५ मिनिटं, आणि हे सगळे विसरतात, बाहेर आल्यावर सूट धुऊन होईपर्यंत तो काढता येत नाही, तेवढी १० मिनिटं हवा आतलीच. हाताशी कामाला उरतात १५-२० मिनिटं. साधारण ५५ बारला शिट्टी वाजायला लागते, पण शिट्टी वाजेपर्यंत आत थांबायचं नसतं. बाहेर एक माणूस फक्त पाटी घेऊन घड्याळ बघत असतो, कोण किती वाजता आत गेला, किती बारवर. तो पण व्हिडिओत नुसता उभाच दिसतो.

आत एकटा कधी नाही, दोघं. आणि तसेच सूट घातलेले दोघं बाहेर तयार, आतल्यांना काही झालं तर ओढायला. म्हणजे एक व्हॉल्व्ह बंद करायला कमीत कमी चार सूट. छोट्या स्टेशनला चार सूट असतात का? असो. हा विषय काढला की रक्तदाब वाढतो.

आणि आत माणूस पाठवायच्या आधी धुवायची जागा तयार पाहिजे. हा नियम मला सगळ्यात आवडतो कारण तो सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वेळा मोडला जातो. आम्ही मुलांचा फुगवायचा टब असतो ना, बदकं छापलेला, तो आणलाय बाजारातून. त्यात उभं राहायचं, दोघं ब्रशने वरून खाली घासणार, खांद्यापासून बुटाच्या तळव्यापर्यंत, काखा, बगला, हाताच्या बोटांमधलं सगळं, मग सूट उलटा सोलत काढायचा म्हणजे बाहेरची बाजू अंगाला लागत नाही. ते पाणी टबातच राहतं, ओढ्यात नाही जात. बदकाचा टब बघून एका पत्रकाराने विचारलं होतं हे काय. म्हटलं डिकंटॅमिनेशन. त्याने लिहून घेतलं.

पाण्याचं म्हणजे खरंच अवघड आहे. ॲसिडचा टँकर फुटला आणि धो धो पाणी मारलं की रस्ता स्वच्छ होतो, टाळ्या पडतात, आणि तेच पाणी खाली कुणाच्या तरी विहिरीत. म्हणून आता पाणी मारायच्या आधी जेसीबीवाल्याला फोन, मातीचा बांध घाल, वाळूच्या गोण्या लाव. जेसीबीवाला हा आमचा अघोषित स्टाफ आहे.

टँकरच्या ड्रायव्हरबद्दल एक सांगायचंच आहे. आत काय आहे, किती आहे, व्हॉल्व्ह कुठे आहे, चालू कसा बंद कसा, हे जागेवर एकाच माणसाला माहीत असतं आणि अपघात झाला की तो माणूस गायब. पळतो कारण लोक मारतात. मालाची माहिती लिहिलेलं ट्रेम कार्ड केबिनमध्ये, आणि केबिन कुठे, गॅसच्या ढगात. त्या दिवशी पण लोकांनी ड्रायव्हरला दोन लावल्याच होत्या, पोलिसांनी वाचवला आणि आमच्याकडे आणला. कपाळ फुटलेलं, चहा दिला, मग थरथरत्या हाताने त्याने सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढून दिलं, इथे लिक्विडचा व्हॉल्व्ह, इथे व्हेपरचा, हा चाकाखाली दबलाय. (सिगारेट पेटवायची नाही हे त्याला सांगावं लागलं नाही.) त्या चित्राने आमचा एक तास वाचला असेल.

आणि पाटी पण कायम खरं बोलते असं नाही. काल नेला एक माल, आज दुसरा, पाटी कालचीच. रिकामा टँकर म्हणून बिनधास्त असतात, तर पेट्रोलचा रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा वाईट, आत सगळी वाफ. आत काय आहे हे माहीत नसणं किती महागात पडतं ते आमच्या खात्याला कोणी सांगायला नको. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज. आत कापसाच्या गठड्या आणि त्याच जहाजात साधारण १४०० टन स्फोटकं, वर सोन्याच्या विटा. कापसाला आग लागली, आमचे लोक दुपारपासून पाणी मारत होते, चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं, अर्ध्या तासाने परत. मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले. दर १४ एप्रिलला आम्ही जे उभे राहतो, छातीला ते छोटं स्टिकर लावून तुमच्याकडे येतो, ते त्यासाठी. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४, दोन्हीदा मे महिना, कंपनीतले स्फोट, त्यावर मी इथे लिहीत नाही, तिथे राबलेले मित्र आहेत, ते लिहितील तर बरं.

तर त्या दिवशी शेवटी काय झालं. गॅस कंपनीची इमर्जन्सी गाडी आली दोन तासांनी. तोपर्यंत आम्ही फॉगचा पडदा धरून, गॅस मोजायचं मीटर घेऊन दर १० मिनिटांनी कडेकडेने रीडिंग घेत होतो. त्यांच्या लोकांनी ड्रायव्हरच्या चित्राप्रमाणे चाक जॅकने उचलून व्हॉल्व्ह आवळला, आमचे दोघं फॉग घेऊन त्यांच्या पाठीशी. मग दुसरा टँकर आणून, दोन्हींना अर्थिंग करून गॅस हळूहळू तिकडे भरला. ही काय अर्ध्या तासाची गोष्ट नसते. टाकीत १७-१८ टन माल असतो. रात्री ९ ला रस्ता उघडला. फॉर्च्युनरवाल्याची फ्लाइट गेली. आजीच्या म्हशींचं सकाळचं दूध काढायचं राहिलेलं, त्यावरून तिने आमच्या माणसाला संध्याकाळी बोल बोल बोलून घेतलं, आणि मग कासंडीभर दूध पाठवलं.

हे सगळं मी मेव्हण्याला परवा रात्री फोनवर सांगितलं, जवळपास असंच, मधे मधे तो "हो का", "अरे बापरे" म्हणत होता, मला वाटलं क्रिकेट बघतोय. काल दुपारी त्याचा फोटो आला, हायवेवर समोरच्या टँकरची पाटी, थोडी हललेली. खाली लिहिलेलं, "दाजी, १८३०, २ पी. दोन म्हणजे फॉग. पी म्हणजे अंगभर सूट, पातळ केलं तर चालतं, पण भडकणारं. बरोबर ना? कसला माल आहे?"

मी लिहिलं, बरोबर, सल्फ्युरिक ॲसिड. आणि गाडी कोण चालवत होतं?

अजून ब्लू टिक नाही आली.